सोपा डोंगर

“आईलाही जमेल असा डोंगर शोधलाय,” अवधूतने जेवताना जाहीर केलं आणि सुहासिनीच्या डोक्यात तिडीक गेली.

आईलाही म्हणे! जपानमधल्या फुनाबोरीतल्या त्या काड्यापेटीएवढ्या फ्लॅटमध्ये नवरा, मुलगा, सून आणि नात असे चौघंही तिच्याकडे कौतुकाने बघत होते. शाळेच्या गॅदरिंगमध्ये एखादं पोर पहिल्यांदा स्टेजवर चढतं, तेव्हा त्याच्याकडे बघतात ना, तसे. आमटी वाढायची होती, ती वाढली.

डोंगराचं नाव नोरिकुरा. उंची तीन हजार मीटरच्या वर, पण जपानी माणसाने थेट त्याच्या खांद्यापर्यंत रस्ता नेऊन ठेवलाय. बसमधून उतरायचं, दीड-दोन तास चालायचं की आलं शिखर. बालवाडीतली पोरं जातात, ऐंशीच्या आज्या काठ्या टेकत जातात. अवधूत तोयोसुच्या ऑफिसातल्या कुणाकुणाचे फोटो दाखवत सुटला.

“बसने जायचं आणि त्याला शिखर म्हणायचं?” दिगंबरराव हसले. “मग आमच्या सोसायटीची गच्चीसुद्धा शिखरच की! ठीक आहे, हिच्यासाठी बरा आहे. मी आपला हिला सोबत म्हणून येईन.”

आता हे दिगंबरराव म्हणजे कोण, ते ऐका. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, पुण्यात सहकारनगरला घर, आणि आयुष्यातले सगळे रविवार सह्याद्रीला वाहिलेले. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण नवरा रविवारी घरात आहे असं सुहासिनीने पाहिलं ते फक्त त्याला ताप आला तेव्हा. त्यांचं एक सह्यकडा मंडळ होतं. त्या मंडळाने दोनशे किल्ले पुरे झाल्याबद्दल त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला, आणि मग निवेदक म्हणाला, “वहिनींच्या सहकार्याशिवाय हे शक्य नव्हतं!” लगेच सुहासिनीला स्टेजवर बोलावून तिची ओटी भरली. टाळ्या काय, फोटो काय! तिने कुठलं सहकार्य केलं होतं? तर अवधूत गोवरात तापलेला असताना ती एकटी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेली होती, कारण बाबा हरिश्चंद्रगडावर होते. नळ फुटला तेव्हा बाबा रायगडावर. सासऱ्यांना झटका आला तेव्हा बाबा कुठल्याशा गुहेत, आणि तेव्हा मोबाइलही नव्हते. हे सहकार्य! आणि त्याबद्दल एक खण, एक नारळ आणि मूठभर तांदूळ.

रविवारी संध्याकाळी दिगंबरराव परत आले की गरम पाण्यात पाय सोडून बसत आणि सांगत सुटत. कडा कसा, टाक्यातलं पाणी कसं, वरून काय काय दिसलं. ती भाकरी थापता थापता ऐके. तिलाही जावंसं वाटायचं की नाही? वाटायचं. पण तिच्या बाबतीत निकाल केव्हाच लागून गेला होता. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत ते तिला तोरण्यावर घेऊन गेले होते. पहिल्याच चढाला तिला धाप लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली. दिगंबरने सगळ्या मित्रांसमोर सांगून टाकलं, “हिचा दम छोटा आहे. हिला डोंगर नाही झेपायचे.” तिला पायथ्याच्या गावातल्या देवळात बसवलं आणि मंडळी वर गेली.

बास. तेव्हापासून घरात ती एक ठरलेली गोष्ट झाली. कुणाचे डोळे घारे असतात, कुणाला कारलं आवडत नाही, तसा सुहासिनीचा दम छोटा. शाळेच्या सहलीला आयांना बोलावलं तर अवधूतच म्हणायचा, “आईला नको, तिचा दम छोटा आहे.” पर्वतीच्या पायऱ्यासुद्धा ती एका बाजूला उभी राहत राहत चढायची. एवढं सांगितल्यावर माणसाला धाप लागतेच हो!

पण मुलाकडे राहायला आल्यापासून, गेल्या दोन महिन्यांत, इथे काहीतरी वेगळंच झालं होतं. फुनाबोरी स्टेशनचा एस्कलेटर एकदा बंद होता, तेव्हा ती जिना चढून गेली आणि वर पोचल्यावर तिच्या लक्षात आलं की आपल्याला काहीच झालेलं नाही. मग रोज ती मुद्दाम जिन्याने जाऊ लागली. कस्तुरी, तिची सून, ऑफिसला गेली की ती नदीकाठच्या बांधावरून तासन्‌तास चालू लागली. कुणाला बोलली नाही. तिला एकच गोष्ट बघायची होती: आपला दम खरंच छोटा आहे का? आणि ते कळायला डोंगरच हवा होता. नोरिकुराच्या माथ्यावर पोचायचं, बास. वय त्रेसष्ट. पुन्हा कोण आणणार होतं इथे?

मात्सुमोतोला रात्रीचा मुक्काम करून सकाळच्या पहिल्या बसने ते वर गेले. वळणावळणांनी झाडं बुटकी होत गेली, मग संपलीच. बस थांबली ते एक मोठं मोकळं पठार होतं, तातामिदाइरा नावाचं. दुकानं, लांबलचक रांगा, स्वच्छतागृहं, सगळं कसं व्यवस्थित. ऑगस्टचा महिना, तरी हवेत बोचरी थंडी आणि बाजूच्या घळीत चक्क बर्फ पडून राहिलेला. दिगंबररावांनी कमरेवर हात ठेवले आणि छाती भरून श्वास घेतला.

“आजोबा,” ओवीने विचारलं. ती अकरा वर्षांची, घरात मराठी समजते पण बोलताना निम्मं जपानी येतं. “तुमचा सगळ्यात उंच माउंटन किती मीटर?”

“कळसूबाई! सोळाशे शेहेचाळीस!”

ओवीने पाटीकडे बघितलं. “हा बसस्टॉप दोन हजार सातशे दोन आहे.”

कस्तुरीने पटकन तोंड फिरवलं. सुहासिनीला मात्र हसू आवरेना. दोनशे किल्ले, शाल, श्रीफळ, आणि हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या उंचीवर आला होता तो बसमध्ये बसून! पण दिगंबरराव कसले गप्प बसतात? पडलो तरी नाक वर.

“उंचीचं काय घेऊन बसलीस? चढ महत्त्वाचा! सह्याद्रीचा कडा चढून दाखव म्हणावं ह्यांना!”

अवधूत म्हणाला, “बाबा, इथे जरा अर्धा तास बसू या. बॉडीला ॲडजस्ट व्हायला वेळ लागतो. सगळेच बसतात.”

“मला? मला ॲडजस्ट व्हायला वेळ?” असं म्हणून ते चालायलाच लागले. “तुम्ही आईला सांभाळा. तिला वाटलं तर तिला इथेच दुकानात बसवा, गरम काहीतरी घेऊन द्या.”

पुन्हा देऊळ! सुहासिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. जपानला आले, सत्तावीसशे मीटरवर आले, तरी ह्या माणसाच्या डोक्यात बायकोची जागा पायथ्याच्या देवळातच. तिने सॅकचे पट्टे आवळले आणि मागून निघाली.

सुरुवातीचा रस्ता रुंद आणि जवळजवळ सपाट. समोरून येणारा प्रत्येक जण “कोन्निचिवा” म्हणत होता आणि सुहासिनीही म्हणत होती. डाव्या हाताला उतारावर बर्फाचा एक पट्टा होता आणि त्यावर ऐन ऑगस्टमध्ये चार-पाच वेडे स्की करत होते. दिगंबरराव सगळ्यांच्या पुढे, हातवारे करत दगडांची माहिती सांगत होते. हा ज्वालामुखीचा, आपला बसाल्ट वेगळा. पहिली दहा मिनिटं सांगितलं. मग थांबून थांबून सांगायला लागले. मग नुसतेच थांबायला लागले आणि मोबाइल काढून धुक्याचे फोटो घ्यायला लागले. धुक्याचा फोटो कोण घेतं?

सुहासिनी मागून बघत होती. चाळीस वर्षं ज्या माणसाचा घास न घास ओळखीचा आहे, त्याची मान कशी झाली आहे ते कळत नाही का?

“डोकं दुखतंय का तुमचं?” तिने विचारलं.

“माझं? छे! तू तुझं बघ. धाप लागली तर सांग.”

नव्हती लागली. ती तेच तर बघत होती. कानाजवळ हृदय धडधडत होतं, पण पाय चालत होते आणि श्वास आत जात होता, बाहेर येत होता. जुनी सवय म्हणून ती प्रत्येक वळणावर वाट बघायची, आता अंधारी येईल, आता येईल. येत नव्हती.

वाटेतल्या डोंगरघरापाशी सगळे टेकले. तिथून पुढे खरा चढ, खडकांचा आणि सुट्या दगडांचा. दिगंबररावांचे ओठ पांढरे पडले होते. “काल स्टेशनवरच्या दुकानातला तो भाताचा गोळा खाल्ला ना, त्याने पित्त झालंय,” ते म्हणाले आणि खिशातली आवळ्याची गोळी तोंडात टाकली. अवधूतने परत जाऊ या म्हटलं तर त्याच्यावरच खेकसले. “पित्ताने कुणी डोंगर सोडतं का? लिंगाण्यावर मी एकशे दोन ताप घेऊन गेलोय!”

बरं, जा बाबा.

चढ सुरू झाला आणि थोड्याच वेळात ते एका खडकाशी वाकले आणि भडाभडा ओकले. पित्त नव्हतं ते. डोळे लाल, हात थरथरत होते, आणि उभं राहायला गेले तर पाय एकीकडे आणि धड दुसरीकडे. सुहासिनी धावली. तिने त्यांचं तोंड पुसलं, पाठीवरून हात फिरवला, पाणी दिलं. भीती वाटली तिला, खोटं कशाला बोला? बाजूने जाणाऱ्या एका जपानी बाईने थांबून अवधूतला काहीतरी सांगितलं. अवधूत म्हणाला, “उंचीचा त्रास आहे. खाली उतरलं की लगेच बरं वाटतं. खाली फर्स्ट एडची खोली आहे, ऑक्सिजन मिळतो. चला बाबा, मी धरतो.”

वर बघितलं तर धुकं फाटलं होतं. माथा दिसत होता. माथ्यावरचं छोटंसं देऊळ दिसत होतं, आणि त्याच्याभोवती हलणारी लाल-पिवळी माणसं. एवढं जवळ!

दिगंबररावांनी अवधूतच्या खांद्यावर हात टाकला. मान वर न करता म्हणाले, “सुहास, चल. उतरायचंय.”

विचारलंसुद्धा नाही. चल. आणि सांगायला लाज वाटते, पण ती वळली. पायांनाच सवय होती. चार-सहा पावलं उतरलीसुद्धा. आणि मग एकाएकी पोटातून असा काही संताप वर आला की ती जागच्या जागी उभी राहिली.

“मी नाही येत,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“म्हणजे मी वर जाणार आहे. तुमच्याबरोबर अवधूत आहे. खाली डॉक्टरी मदत आहे. मी येऊन वेगळं काय करणार? शेजारी बसून पंखा घालणार?”

“आई!” अवधूत म्हणाला.

“अगं, हवेचा काही भरवसा आहे का?” दिगंबररावांचा आवाज चिडका आणि बारीक झाला होता. “मीच येत नाही म्हटल्यावर तू एकटी काय जाणार? तुझा दम—”

“माझ्या दमाचं नाव काढू नका!” ती एवढ्या जोरात ओरडली की वरून उतरणारे चार जपानी म्हातारे खडकाला चिकटून उभे राहिले. “अवधूतला गोवर होता तेव्हा तुम्ही डोंगर सोडून आलात? तुमच्या वडिलांना झटका आला तेव्हा आलात? मी आज का सोडू? तुम्हाला ओकारी झाली म्हणून?”

मग कस्तुरी शांतपणे म्हणाली, “अवधूत, तू बाबांना घेऊन जा. मी आणि ओवी आईंबरोबर वर जातो.” सुनेने इतक्या वर्षांत सासूची बाजू घेतल्याचा हा पहिलाच प्रसंग असेल, पण घेतली ती अशी सगळ्यांच्या तोंडावर.

सुहासिनी चढली. रागाने चढली. एका दगडावर ‘चल’, दुसऱ्यावर ‘तुला नाही झेपायचं’, तिसऱ्यावर ‘वहिनींचं सहकार्य’. मधे एका ठिकाणी दगड सुटे होते, तिथे हात टेकावे लागले. एक पोरगं, असेल चार वर्षांचं, आईचं बोट धरून तिच्या पुढून उड्या मारत गेलं. मग एक घर, त्यात छोटंसं दुकान, मग शेवटचा थोडा चढ, आणि रस्ता संपला. पुढे आभाळ.

“देकिता!” ओवी ओरडली आणि आजीच्या कमरेला मिठी मारली. जमलं!

लाकडी खांबावर उंची लिहिली होती. देवळापुढे लोक एक-एक करून हात जोडत होते. खाली एका खोलगट वाटीत निळंशार तळं, त्याच्या काठाला बर्फाची किनार, आणि त्यापलीकडे ढगांच्या वर डोंगरच डोंगर, थेट नजर पोचेल तिथपर्यंत. सुहासिनी बघत राहिली. ती आनंदाची वाट बघत होती. आला नाही.

“एवढंच?” ती म्हणाली.

“काय झालं आई?” कस्तुरीने विचारलं. “बरं वाटतंय ना?”

“बरं? मला काहीही झालेलं नाही! हे बघ, मी बोलतेय, धाप नाही, काही नाही! एवढंच होतं हे? चालायचं, थांबायचं, परत चालायचं? ह्यासाठी ह्या माणसाने मला चाळीस वर्षं घरात बसवलं?” तिचे डोळे वाहायला लागले आणि त्याचाही तिला राग आला. “तोरण्यावर मला चढ सुरू झाला नाही तोच अंधारी आली होती गं. मळमळत होतं. झुडपामागे जाऊन उलटी केली मी, लाजेने कुणाला सांगितलंही नाही. मग आज का नाही होत काही? आज तर मी म्हातारी आहे!”

कस्तुरी तिच्याकडे बघत होती. “तोरण्याला कधी गेला होतात?”

“लग्नानंतरची पहिली दिवाळी. भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी.”

“आई,” कस्तुरी म्हणाली, “अवधूतचा वाढदिवस जूनमध्ये असतो.”

सुहासिनीला बोटं मोजायचीही गरज नव्हती. बोटं मोजायचीही गरज नव्हती. जूनमधून नऊ महिने मागे, म्हणजे सप्टेंबर. तेव्हा तिला दुसरा महिना होता. वय बावीस, घरात सांगायला कुणी नाही, पाळी चुकली तर दिवाळीच्या कामाने चुकली असं समजणारी. पोटात पोर घेऊन ती तोरण्याच्या चढाला लागली होती. त्या मळमळीला ह्या माणसाने नाव ठेवलं छोटा दम, आणि तिने ते नाव कुंकवासारखं कपाळावर लावून घेतलं. एकदाही, अहो एकदाही, तिला ह्या दोन गोष्टी एकत्र मांडाव्याशा वाटल्या नाहीत. आता ह्याचा राग कुणावर काढायचा?

उतरताना ती पुढे पुढे चालत राहिली. ओवीने दोनदा विचारलं, “आजी, दाइज्जोबु? बरी आहेस ना?” तिने नुसती मान हलवली.

खाली तातामिदाइराला बसच्या रांगेत दिगंबरराव अवधूतच्या शेजारी उभे होते. गालांवर रंग आला होता. हातात ऑक्सिजनचा छोटा डबा होता, आणि रांगेतल्या पुढच्या मराठी जोडप्याशी गप्पा चालल्या होत्या. कुणी राजीव म्हणून होता, त्याची बायको सलोनी, दोघं तोयोसुला राहणारे. सुहासिनी जवळ आली तेव्हा दिगंबरराव त्यांना सांगत होते, “आमचं खरं क्षेत्र सह्याद्री. हा तसा हौशी लोकांसाठीच आहे. आता बघा, ही जाऊन आली म्हणजे किती सोपा असेल!”

राजीव हसला. सलोनी नाही हसली.

“हो, सोपाच आहे,” सुहासिनी म्हणाली. “बालवाडीतली पोरं जातात. तुम्ही तेवढे अर्ध्यातून आलात.”

“आई, जाऊ दे ना,” अवधूत पुटपुटला.

“तू गप्प बस. तुझ्याच गोष्टीवर येतेय मी.” ती दिगंबररावांसमोर उभी राहिली. “तोरण्याला गेलो तेव्हा अवधूत माझ्या पोटात होता. माझा दम छोटा नव्हता. मला दिवस गेले होते.”

ती वाट बघत होती की हा माणूस चमकेल. डोळे विस्फारेल, कपाळावर हात मारेल, निदान अरेरे म्हणेल. पर्वतीच्या पायऱ्या आठवतील, शाळेच्या सहली आठवतील. एक शब्द जरी धड बोलला असता, तरी ती तिथे रांगेतच रडली असती आणि कदाचित सगळं सोडूनही दिलं असतं.

दिगंबररावांनी ऑक्सिजनचा डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

“ते मला माहीत आहे,” ते म्हणाले. “डॉक्टरीणबाईंनी महिना सांगितला ना, तेव्हाच आलं होतं लक्षात.”

“काय?”

“अगं, हिशोब सरळ होता. पण आता त्याचं काय? अवधूत झाला, मग तो लहान होता. तू येते म्हणाली असतीस तर त्याला कुठे ठेवणार होतो? घरी कुणीतरी लागतंच. मग नंतर विषयच निघाला नाही.” त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली केला. “लोक बघतायत. हे घरी गेल्यावर बोलू.”

अवधूत आपल्या बापाकडे बघत होता. त्याचा चेहरा हळूहळू लाल झाला. कस्तुरीने ओवीला जवळ ओढून घेतलं.

माहीत होतं. तिने रिक्षात गोवराचं पोर मांडीवर घेतलं होतं तेव्हा माहीत होतं. स्टेजवर तिच्या ओटीत नारळ पडला आणि शेजारी उभं राहून ते टाळ्या वाजवत होते, तेव्हाही माहीत होतं. आज वर ‘तुझा दम’ म्हणताना, ओकून पांढऱ्या पडलेल्या तोंडाने, तेव्हासुद्धा. सुहासिनीला वाटलं होतं की ती एका अडाणी माणसावर चिडली आहे. अडाणी माणसाला निदान माफ तरी करता येतं.

बस आली. दार उघडलं आणि रांग हलली.

“बसमध्ये माझ्या शेजारी बसू नका,” ती म्हणाली. “आणि पुण्याला गेल्यावरसुद्धा.”

मग ती पुढे सरकली, ड्रायव्हरला तिकीट दाखवलं, आणि उजव्या बाजूची खिडकी मोकळी होती तिथे जाऊन बसली.